नुसते ‘ढकला’ म्हटले तर?

आमच्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर कुणी नुसते “ढकला!” म्हटले, तर आम्ही समोरचीच होडी ढकलतो; साऱ्या नव्हे. प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ प्रणालीत पूर्वी तसे नव्हते. नुसती ‘पुश’ ही आज्ञा दिली, की दोन्हीकडे समान नावाच्या सर्व शाखा, म्हणजे कामाचे सारे स्वतंत्र प्रवाह, सामाईक भांडारात जात. त्यांत अर्धवट कामही जाई. २०१४ साली ‘गिट २.०’ने ही रीत बदलली. आता फक्त चालू शाखा जाते. बदलाची सूचना आधीच्या आवृत्त्यांतून मिळत होती. जुनी रीत निवडण्याची मुभाही राहिली. मला यातून एवढेच उमजले : न बोललेल्याचा अर्थ लावताना नवख्याचे नुकसान टळेल, असाच लावावा.