चाळीसच्या आतली मजा

"ऑफिसला कंपनीची बस येते. आई-बाबांची गाडी आहेच. मला फक्त चालवण्यासाठी गाडी घ्यायची आहे," भाची म्हणाली. "दोन सीटची, छत उघडणारी, हलकी. रविवारी पहाटे निघायचं, ताम्हिणी घाट उतरून माणगावला नाश्ता करायचा आणि परत फिरायचं. मामा, हा वेडेपणा आहे का?"

मामा पिंपरीच्या एका वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी सस्पेन्शनच्या चाचण्यांत गेली. राहतात पुण्यात कोथरूडला, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या पायथ्याशी.

"वेडेपणा नाही. पण हलकी म्हणजे किती किलोची?"

भाचीला अश्वशक्ती पाठ होती, शून्य ते शंभरचे सेकंद पाठ होते. वजन माहीत नव्हतं.

"हेच तुमचं चुकतं," मामा उखडले. "वजन कुणी विचारत नाही, म्हणून कंपन्या ठळक अक्षरात छापत नाहीत. एमजीची सायबरस्टर २०२५ मध्ये आपल्याकडे आली. दोन सीट, छत उघडतं, विजेवर चालते, ५१० अश्वशक्ती, किंमत पाऊण कोटी. वजन? जवळजवळ दोन टन. दोन माणसांना फिरवायला दोन टन! दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत अवंती दाखवली. दोनच सीट, इंजिन मध्यभागी, आणि वजन दीड टनाच्या वर. आता १९८९ सालची माझदा एमएक्स-५ घे. १.६ लिटरचं इंजिन, ११५ च्या आसपास अश्वशक्ती, वजन साडेनऊशे किलोंच्या आगेमागे."

या गाडीबद्दल मामा बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि थांबवूही नये. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या छोट्या ब्रिटिश गाड्यांचा वारसा जपानी अभियंत्यांनी उचलला. कामाची धुरा तोशिहिको हिराई यांच्याकडे होती. बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एकच लांब चौकट टाकली, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की मधे कुठे लवचिकपणा न राहता जोर थेट मागच्या चाकांकडे जातो. इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे ढकलून बसवलं. टायर १८५ मिलिमीटर रुंद आणि चाकं १४ इंची, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकसारखी. सर्वांत साध्या मॉडेलला पॉवर स्टिअरिंगही नव्हतं. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. इतक्या संख्येने खपलेली दुसरी दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार जगात नाही.

भाची ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

"मामा, १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात पोर्शच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. माझ्याच वयाचे. त्यानंतर या शहरात 'मला स्पोर्ट्स कार हवी' असं तोंडाने म्हणायला लाज वाटते. तू मला वजनं सांगतोयस. मला आधी हे सांग, सार्वजनिक रस्त्यावर मजेसाठी गाडी चालवावी का?"

मामा जरा वेळ बोलले नाहीत. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही हे त्यांना कळत होतं.

"वेगाची मजा रस्त्यावर घेऊच नये," ते म्हणाले. "त्यात चर्चा नाही. पण चालवण्याची मजा आणि वेगाची मजा या दोन गोष्टी आहेत, आणि जड गाडीने त्या एक करून टाकल्या. हे नीट समजून घे. एक्स्प्रेसवेवर तू सरळ शंभरने चालली आहेस. तुझ्या शरीराला बाजूने किती जोर लागतो?"

"काहीच नाही."

"शून्य. आता जुन्या कात्रज घाटातलं एखादं वळण घे. त्रिज्या वीस मीटर धरू. ताशी तीसने गेलीस तर वेग सेकंदाला ८.३ मीटर. त्याचा वर्ग भागिले वीस, म्हणजे साडेतीनच्या आसपास. गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त जोर बाजूने लागतो. मागे बसलेली आजी 'अगं हळू' म्हणेल इतका. चाळीसने गेलीस तर सहा दशांशाच्या पुढे जातो, कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरचीही निम्म्याहून जास्त पकड वापरली जाते. म्हणून सांगतो, अशा वळणात चाळीसला जायचंच नाही. जे काय आहे ते तिशीतच आहे."

भाची बारावीला भौतिकशास्त्रात चांगली होती. तिने लगेच अडवलं. "पण या गणितात वस्तुमान कुठे आहे? वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. गाडी हजार किलोची असो की दोन हजारची, जोर तोच. मग हलकेपणाचा काय संबंध?"

मामांचा चेहरा खुलला. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो घरातच निघाला.

"कागदावर वस्तुमान उडतं, रस्त्यावर उडत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून जड गाडीला रुंद टायर लागतात, रुंद टायरला जड चाक, जड चाकाला कडक स्प्रिंग, मोठे ब्रेक, आणि स्टिअरिंग फिरवायला मोटर. पन्नासच्या वेगात दोन टनांची गाडी थांबवताना ब्रेकला एका टनाच्या दुप्पट ऊर्जा पचवावी लागते. हे सगळं उत्तम जमवतात आजचे अभियंते. पण जमवता जमवता रस्ता आणि तुझा तळहात यांच्यामध्ये इतके थर येतात की तिशीत तुला काही कळतच नाही. त्या गाडीला काही सांगायचं असेल तर ती नव्वदच्या पुढे सांगते. नव्वदला घाटात चूक झाली तर सुधारायला वेळ नसतो. हलक्या गाडीत अरुंद टायर, हलकं चाक. खडी आली, ओल आली, पुढचं टोक किंचित बाहेर सरकायला लागलं की स्टिअरिंगचा जोर हलका पडतो आणि तुला कळतं. तिशीत कळतं."

"आणि एका बाजूचं वळण संपून लगेच दुसरं आलं तर?"

"तिथे तर वजनाची जागाही मोजायची. जड भाग दोन टोकांना असले तर गाडी वळायला आळस करते आणि वळली की थांबायला आळस करते. इंजिन मध्याच्या जवळ असलं की हे दोन्ही पटकन होतं."

तिशीत कळण्याचा हा मुद्दा लिहिणाऱ्यालाही फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मोठी गाडी सुरक्षित आणि स्पोर्ट्स कार बेफिकीर अशी सरधोपट वाटणी झाली आहे. खरा प्रश्न आहे तो, चालकाला आनंद मिळण्यासाठी गाडी किती वेग मागते. तिशीत आनंद देणारी गाडी आणि दीडशे मागणारी गाडी एकाच नावाने विकल्या जातात.

"पण माणूस आडवा आला तर?" भाची पुन्हा तिथेच. "हजार किलोची गाडी बसली तर तो वाचेल?"

"नाही," मामा सरळ म्हणाले. "माणसापुढे हजार काय नि दोन हजार काय, दोन्ही डोंगरच. तिथे फरक पडतो तो फक्त वेगाचा. आणि दुसरंही ऐक, मी लपवणार नाही. समोरून मोठी एसयूव्ही आली आणि धडक झालीच तर हलक्या गाडीतल्याला जास्त लागतं. ताम्हिणीला जाताना पिरंगुटच्या रस्त्यावर हायवा डंपर असतात. त्यांच्या केबिनमधून एवढी बुटकी गाडी दिसत नाही. डंपरच्या डाव्या बाजूला कधी राहायचं नाही. पहाटे सहाला निघायचं ते याचसाठी."

एवढ्यावर तिचं समाधान झालं नव्हतं, पण ती पुढे सरकली. "बरं, मिळेल कुठे?"

इथे मामांची जुनी जखम उघडी पडली. "मिळायला हवी होती इथेच! चाकणला फोक्सवॅगनने पोलो बनवली. रांजणगावला फियाटची पुंटो बनली. २०१५ मध्ये तिचं अबार्थ रूप आलं, १४५ अश्वशक्ती, दहा लाखांच्या आत. मर्सिडीज चाकणलाच जुळते. अख्खं पुणं गाड्या बनवतं आणि दोन सीटची हलकी गाडी एकही नाही. टाटांनी २००० साली आरिया नावाची उघडी दोन सीटर प्रदर्शनात ठेवली. ठेवली ती ठेवलीच. मग २०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला रेसमो आली. बुटकी, चार मीटरच्या आत, १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन सीटच्या मागे, १९० अश्वशक्ती. ते इंजिन आपल्या टियागोच्याच घराण्यातलं! वाटलं, आता आली. पुढे प्रकल्प गुंडाळला. आज ती कुठे चालवता येते माहीत आहे? फोर्झा होरायझन नावाच्या व्हिडिओ गेममध्ये."

"मी चालवलीय," भाची म्हणाली.

"मग तू माझ्यापेक्षा पुढे आहेस," मामा म्हणाले, आणि ते खरंच हळहळले.

बाकीचे पर्याय झरझर संपले. नवी एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. परदेशातून मागवली तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरून किंमत दुपटीच्या पलीकडे जाते, वर महाराष्ट्रात आयात गाडीला वीस टक्के रस्ता कर. वापरलेली आणायची तर तीन वर्षांहून जुनी चालत नाही. म्हणजे १९८९ ची गाडी बंद. भाचीने हे ऐकून नुसती मान हलवली. तिच्या बजेटला तो प्रश्नच नव्हता.

"जुनी एमजी मिजेट, ट्रायम्फ अशा गाड्या देशात आहेत," मामा म्हणाले. "घेताना कागद आधी, गाडी नंतर. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः पुसून वाच, संगम पुलाच्या आरटीओत नोंद तपास. पन्नास वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमाखाली 'व्हिंटेज' म्हणून नोंदली गेली असेल तर ती रोज चालवता येत नाही. रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, एवढंच. तुझं दर रविवारचं माणगाव त्यात बसत नाही. आयात गाडी पंधरा वर्षांची झाली की लागणारं पुन्हा नोंदणीचं शुल्कही २०२२ मध्ये चाळीस हजार झालं."

"आणि सॅन स्टॉर्म?"

मामांना आश्चर्य वाटलं. बंगळूरच्या सॅन कंपनीची ही छोटी उघडी गाडी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली होती. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं साठ अश्वशक्तीचं इंजिन. फार विकली गेली नाही, आता शोधावी लागते.

"मिळाली तर बघ. पण लिफ्टवर चढवून खालून बघ. फायबरला गंज लागत नाही, खालच्या लोखंडी चौकटीला लागतो. दाराच्या आणि बिजागरीच्या भोवती फायबरला तडे आहेत का ते पाहा. छताचं कापड आणि रबर पाण्याचा पाइप धरून तपास, मालक नको म्हणाला तर उठून ये. ताम्हिणीतला पाऊस तुला माहीत आहे. चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये वीसवर स्टिअरिंग सैल सोड, सरळ जाते का बघ. गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे एमएक्स-५ ची सर येणार नाही."

"आणि गतिरोधक?"

"इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तसा असेल तर बुटकी गाडीही आरामात जाते, कारण दोन चाकांमधलं अंतर कमी. आपल्या सोसायट्यांसमोर जे रातोरात उगवतात ते कुठल्या मापाचे ते देव जाणे." यावर मामा बराच वेळ बोलले. पत्रं लिहून झाली होती, उत्तरं आली नव्हती. तो भाग इथे गाळला आहे.

मग त्यांनी तिला वेगळंच सुचवलं. नव्या स्विफ्टचं वजन साडेनऊशे किलोंच्या आत आहे, म्हणजे त्या पहिल्या एमएक्स-५ एवढंच. उंच आहे, पुढच्या चाकांवर चालते, सीट रस्त्यापासून लांब आहे, पण हलकेपणा म्हणजे काय ते त्यात शिकता येईल. "मागची सीट काढून टाकू का?" या प्रश्नावर मात्र त्यांनी तिला झापलं. नोंदणीत पाच आसनं लिहिली असतील तर पाचच हवीत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली मनाने फेरफार चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं.

"मामा, एक शेवटचं. मला माझी भीती वाटते. तिशीत मजा आली की मी चाळीस करेन. मग पन्नास."

"करशील. म्हणून आधी गाडी घेऊच नकोस. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या स्पर्धा तिथे होतात. जा, कार्ट चालव. कार्टइतकं हलकं चार चाकांवर दुसरं काही नाही, आणि तिथे समोरून डंपर येत नाही. पकड सुटते तेव्हा हाताला काय लागतं ते तिथे शीक. आणखी वेग हवासा वाटला तर कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला दुसरा. हेल्मेट, मार्शल, रुग्णवाहिका, सगळं जागेवर."

"कोल्हापूर शनिवारी?"

"शनिवारी चालेल. पण जाताना एसटीने जाऊ."