कचरा आणि राडारोडा

मुंबईंतील देवनार येथील कचराभूमि १९२७ सालापासूनची आहे. उष्टेंखरकटें, चिंध्या, फुटक्या विटा, असें सारें शहरानें वर्षानुवर्षें एकाच ढिगावर नेऊन ओतलें. त्याचा परिणाम काय झाला, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे.

ओला कचरा हवा खेळती असतां कुजला तर त्याचें खत होतें. तोच खोल ढिगाखालीं, वारा न लागतां कुजला, तर मीथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो. २०१६ च्या जानेवारींत देवनारचा ढीग पेटला व कित्येक दिवस धुमसत राहिला. धुराचा लोट अंतराळांतून घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला, आणि जवळपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शिवाय अशा ढिगांतून काळें पाणी झिरपून जमिनींत उतरतें. म्हणून नव्या पद्धतीच्या कचराभूमींत तळाशीं चिकणमाती व प्लॅस्टिकचा जाड पडदा अंथरतात, पाणी व वायु काढून घेण्यास नळ घालतात, आणि कचऱ्यावर मातीचा थर देतात.

विटा, सिमेंट व फरशी यांचें तसें नाहीं. तीं कुजत नाहींत, जळत नाहींत. मात्र जागा फार अडवितात. अर्ध्या विटेची एक चौरस मीटर भिंत पाडली तरी सुमारें २०० किलो राडारोडा निघतो! तो स्वच्छ असेल तर यंत्रांत भरडून त्याची खडी व वाळू करितां येते, व तिच्यापासून पदपथाचे ठोकळे बनतात. त्यांत भाजीचे देठ, रंगाचे डबे मिसळले कीं निवडण्याचे श्रम वाढतात, आणि तोही ढिगावर जातो. याकरितां २०१६ च्या सरकारी नियमांनीं राडारोडा निराळा ठेवावा, रस्त्यावर वा नाल्यांत टाकूं नये, असें ठरविलें.

नियम ठाऊक असूनही आमच्याच हातून चूक घडली. घरची मोरी नवी केली, तेव्हां सारें एकत्र पोत्यांत भरलें गेलें. टेंपोवाल्यानें लांबच्या जागेचें भाडें अधिक सांगितलें, आम्हीं म्हटलें, "तुमच्या सोयीनें पाहा." पावसाळ्यांत वस्तीजवळचा नाला तुंबून चार घरांत पाणी शिरलें. पाहावयास गेलों, तों नाल्यांत आमच्या मोरीच्या निळ्या फरशा! आम्हांस कोणी दोष दिला नाहीं. त्या ओळखणारे आम्हीच होतों.

पुढें स्वयंपाकघराचा ओटा काढला, तेव्हां विटा एकीकडे व डबे दुसरीकडे ठेविले, प्रभाग कार्यालयांत जागा विचारली, आणि टेंपोबरोबर स्वतः गेलों.