खोक्यावरचे आकडे आणि तानपुऱ्याची जवारी

काडेपेटीएवढा डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचा इयरफोनला चालणारा विद्युत संकेत करणारं यंत्र, घेतला, त्याच्या खोक्यावरचा एकही आकडा खोटा नव्हता. डिस्टॉर्शन ०.०००३ टक्के, सिग्नल-टू-नॉईज १२० डेसिबल, ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्‌झ. इयरफोन लावून किशोरीताई आमोणकरांचं जुनं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पहिला खटकला तो तानपुरा. खर्ज भरघोस, जोडही ठीक, पण जवारी बसलेली. तारेभोवतीची झणझण कुणी ओल्या फडक्याने पुसून घेतल्यासारखी. तेच रेकॉर्डिंग, तेच इयरफोन, जुन्या फोनवर मात्र लखलखीत.

दुकानदार म्हणाला, "शंभर तास वाजू द्या साहेब, मग खुलेल." तेवढंही वाजवलं. काही खुललं नाही. डॅकच्या सर्किटला कसलं आलंय रुळणं!

कारण सापडलं माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक टायपात : आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे डॅकचा स्वतःचा विद्युत अडथळा, १० ओहम. माझे इयरफोन बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे. अशांचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा राहत नाही. माझ्यांचा खालच्या सुरांना ४० ओहमच्या आसपास, वर एके ठिकाणी थेट ८. डॅकचं व्होल्टेज त्याचे स्वतःचे १० ओहम आणि इयरफोन यांच्यात वाटलं जातं. खर्जाच्या वाट्याला पाचातले चार भाग येतात, वरच्या सुरांना निम्म्याहूनही कमी. हिशेब मांडला तर फरक सुमारे ५ डेसिबलचा, म्हणजे इक्वलायझरची पट्टी कुणी गुपचूप खाली ओढून ठेवावी एवढा. आणि खोक्यावरचं डिस्टॉर्शन मोजलं होतं ३०० ओहमच्या साध्या रेझिस्टरवर, १ किलोहर्ट्‌झच्या एकाच सुरावर. तिथे हे १० ओहम कुणाला जाणवणार?

म्हणून पहिली गोष्ट ही बघा. डॅकचा किंवा अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून जास्त नको. छापलेला नसेल तर विचारा. सांगत नसतील तर दुसरं मॉडेल बघा.

यावरून "आकडे झूट, कानच खरे" असं म्हणणाऱ्यांच्या पंथाला मी लागलो नाही. माझ्या कानाने फक्त तक्रार केली. कारण आकड्यानेच सांगितलं. फरक इतकाच, की खोक्यावर मिरवणारे आकडे बहुधा आपल्या ऐकण्याच्या पार पलीकडचे असतात. सीडी १९८२ साली बाजारात आली ती १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ घेऊन. त्यात २० किलोहर्ट्‌झपर्यंतचे सूर आरामात मावतात आणि पन्नाशीतल्या कानांना १५ किलोहर्ट्‌झही जड जातं. एका बिटामागे आवाजाच्या चढ-उताराचे ६ डेसिबल धरले तर १६ बिटांचे ९६ होतात. फिरता पंखा आणि खालची रिक्षा यांच्यात ते पुरून उरतात. मेयर आणि मोरन या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हाय-रिझोल्यूशन आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर आणून ऐकवला. ५५४ पैकी २७६ वेळा लोकांनी बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं.

स्पीकरच्या खोक्यावरचे 'पीएमपीओ' (क्षणिक कमाल) हजार वॅट तर बघूच नका. अ‍ॅडॅप्टर उलटा करून वाचा : १२ व्होल्ट, २ अँपियर. म्हणजे २४ वॅट. भिंतीतून येतच नाही ते स्पीकर सतत कुठून देणार? आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, वॅट किती, किती ओहमला, किती डिस्टॉर्शनवर, एवढं विचारलं की विक्रेत्याचा सूर बदलतो.

खरा फरक पडतो तो हेडफोनमध्ये, स्पीकरमध्ये आणि खोलीत, आणि नेमकं तिथलं मोजमाप कुणी ठळक छापत नाही. '२० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ' एवढ्यावर समाधान मानू नका. पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असं काही लिहिलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही. दहा फुटी खोलीत ५६ हर्ट्‌झच्या आसपास खर्ज घुमतो. डॅक कितीही महाग घ्या, तो घुमणारच.

ऐकून निवडताना दोन्ही यंत्रांचा आवाज आधी सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो आणि दुकानदाराला हे चांगलं ठाऊक असतं. स्वतःचे इयरफोन आणि पाठ असलेलं एक रेकॉर्डिंग सोबत न्या. डेमोची गाणी त्यांची असतात. आणि आठवड्याभरात परत घेण्याची अट तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.