मधुमेह आणि वनस्पतींचे अर्क : उपयोग व मर्यादा

मधुमेह हा आता केवळ शहरातील सुखवस्तू वर्गाचा विकार राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. साहजिकच पाला, बिया, साल यांपासून केलेली चूर्णे व रस 'नैसर्गिक अँटिऑक्सिडंट' या नावाने सर्वत्र विकले जात आहेत. गावात अशा गोष्टींविषयी पहिली विचारणा बहुधा शिक्षकांकडे व पंचायत सदस्यांकडे होते. म्हणून यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

ऑक्सिडीकरणाचा ताण

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पेशींमध्ये ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू अधिक प्रमाणात निर्माण होतात. लोखंडाला जसा गंज चढतो, तशी त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराची हानी होते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांना मधुमेहात जी इजा पोहोचते, तिचे हे एक कारण होय. इन्शुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील पेशींमध्ये या रेणूंपासून बचाव करणारी विकरे मुळातच कमी असतात.

वनस्पती स्वसंरक्षणासाठी जी द्रव्ये बनवितात, त्यांतील अनेक या रेणूंना निष्प्रभ करतात. आवळ्याचा तुरटपणा, जांभळाचा रंग आणि हळदीचा पिवळेपणा हे अशाच द्रव्यांमुळे आलेले असतात. तथापि, वनस्पतींचा प्रत्येक परिणाम याच मार्गाने होतो असे नाही. मेथीदाण्यातील चिकट तंतुमय पदार्थ आतड्यातून साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो. बेडकीचा पाला, म्हणजेच गुडमार, चघळल्यास जिभेला काही काळ गोड चव कळेनाशी होते.

परीक्षानळीपासून रुग्णापर्यंत

प्रयोगशाळेत दिसलेला गुण रुग्णाच्या शरीरात दिसेलच असे नाही. बिबळा अथवा विजयसार या वृक्षाच्या अर्काची चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांत घेतली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. निष्कर्ष आशादायक होता; परंतु ही चाचणी खुली होती आणि रुग्ण आजाराच्या प्रारंभीच्या अवस्थेतील होते. कारल्याविषयीच्या चाचण्यांचा २०१२ साली आढावा घेण्यात आला, तेव्हा उपचार म्हणून शिफारस करण्याइतका पुरावा आढळला नाही. 'ई' जीवनसत्त्व हे प्रसिद्ध ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्य. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ते काही वर्षे रोज देऊनही हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही. त्या चाचणीत मधुमेहीही मोठ्या संख्येने होते.

याउलट मेटफॉर्मिनचे उदाहरण पाहावे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती पूर्वापार वापरात होती. तिच्यातील साखर कमी करणारे द्रव्य विषारी ठरले. त्याच जातीच्या रसायनांच्या अभ्यासातून मेटफॉर्मिन पुढे आले आणि १९५७ साली फ्रेंच वैद्य झाँ स्टेर्न यांनी त्याचा मधुमेहातील उपयोग प्रसिद्ध केला. आज ही स्वस्त गोळी जगभर दिली जाते. वनस्पतीपासून औषध मिळू शकते. मात्र द्रव्याची ओळख, मात्रेची निश्चिती आणि रुग्णांवरील कसोटी या पायऱ्या गाळता येत नाहीत.

कोणती दक्षता घ्यावी ?

(१) भाजी म्हणून कारले किंवा मेथी खाण्यास हरकत नाही. मात्र गोळ्यांच्या जोडीला अर्क किंवा चूर्ण घेतल्यास साखर एकाएकी फार खाली जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे.

(२) इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णाने, विशेषतः लहान मुलांनी, पाल्याच्या भरवशावर इन्शुलिन बंद करणे प्राणघातक ठरते.

(३) चव कडू लागणाऱ्या दुधीचा रस मुळीच पिऊ नये. त्यापासून झालेल्या विषबाधेने मृत्यू ओढवले आहेत.

(४) लेबल व परवाना क्रमांक नसलेली चूर्णे घेऊ नयेत. अशा काही चूर्णांत साखर उतरविणाऱ्या गोळ्यांची छुपी भेसळ आढळली आहे.

(५) मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने मनाई आहे. आठवडा बाजारात असे फलक आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाला कळवावे.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत करण्याची सोय आहे. आजार वेळीच कळला तर आहार, चालणे व नियमित औषध यांनी डोळे, पाय व मूत्रपिंडे वाचविता येतात. ग्रामसभेत या तपासणीचा दिवस जाहीर करणे आणि कोणी औषध मध्येच सोडले असल्यास त्याला पुन्हा केंद्रात पाठविणे, एवढे काम प्रत्येक पंचायतीला सहज करता येण्याजोगे आहे.