खोटं बोलणारी मांडणी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

नोकरी लागल्याचं वाचून आनंद झाला. ‘क्लायंट म्हणेल ते सगळं करायचं का?’ हा तुझा प्रश्न मात्र त्याहून आवडला.

जाहिरात म्हटली की मन वळवणं आलंच, त्यात पाप नाही. आंब्याच्या पेटीत देखणी फळं वर मांडली तर ती कला. खालच्या थरात डागी दडवली तर ती लबाडी. आपल्या धंद्यात डागी फळ कुठं दडतं ते ओळखायला शीक. ‘फुकट’ 72 पॉइंटात आणि ‘अटी लागू’ 6 पॉइंटात, तेही पिवळ्यावर पांढरं. ‘घ्या’चं बटण ठसठशीत, ‘नको’ फिकट राखाडी. तिकिटासोबत विमा हवा या चौकटीत आधीच केलेली खूण. यातला शब्द न् शब्द खरा असतो. खोटं बोलते ती मांडणी. आणि मांडणी तुझी. म्हणून ‘मी फक्त सजवलं’ ही पळवाट आपल्याला नाही.

हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं 2010 मध्ये असल्या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांचे 13 प्रकार नमूद करून ते वापरायला मनाई केली. खोटी घाई लावणं, न विचारता खरेदीत भर घालणं, नाही म्हणणाऱ्याला ओशाळं करणं, हे सगळं त्यात आहे. ती यादी टेबलाशी ठेव.

पण सगळंच यादीत सापडणार नाही. सावळ्या मुलीला गोरी झाल्यावरच नोकरी आणि नवरा मिळतो, असं सांगणाऱ्या जाहिराती कित्येक वर्षं चालल्या. ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ गेला तो 2020 साली. त्या जाहिरातीही तुझ्यासारख्याच हुशार मुलामुलींनी मन लावून केल्या असणार.

नकार देताना भाषण ठोकू नकोस. दुसरा लेआउट घेऊनच जा: दोन्ही बटणं एका मापाची, अट किमतीला लागून. फसलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, हे धंदेवाल्याला नीतीपेक्षा लवकर पटतं. दरवेळी तुझं ऐकतील असं नाही. पण पोर्टफोलिओत लावायला लाज वाटेल अशी कामं वाढू लागली, तर खुशाल दुसरी नोकरी बघ. तुझ्या हातात कसब आहे, काम मिळेल.

तुझा,
मामा