वडगाव ते सालबाई : तह, ओलीस आणि जामीन

प्रस्तावना

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना वडगाव मावळ हे तालुक्याचे गाव लागते. जानेवारी १७७९ मध्ये येथे मराठी फौजांनी इंग्रजांना कोंडले आणि त्यांच्याकडून करार लिहून घेतला. या विजयाची हकीकत आपण शालेय पुस्तकात वाचलेली असेल. येथे आपल्याला लढाईपेक्षा तिच्यानंतरच्या कागदाचा विचार करावयाचा आहे. वडगावचा करार मराठ्यांना सर्वस्वी अनुकूल होता, तरी तो काही आठवडेही टिकला नाही. उलट, १७८२ चा सालबाईचा तह अटींच्या दृष्टीने त्याहून कमी लाभाचा असूनही सुमारे वीस वर्षे टिकला. हा फरक कशामुळे पडला, हे या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस सांगता यावे.

तीन शब्द

प्रथम तीन शब्द वेगळे करून घेऊ. मध्यस्थ हा दोन पक्षांच्या मध्ये उभा राहतो. बोलणी जुळली की त्याचे काम संपते. ओलीस म्हणजे वचनाच्या बदल्यात ताब्यात ठेवलेला माणूस. जामीन मात्र वचन मोडल्यास स्वतः तोशीस सोसण्याचे कबूल करतो. पतसंस्थेच्या कर्जावर ज्यांनी कधी जामीनदार म्हणून सही केली असेल, त्यांना हा भेद अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

वडगावचा करार : ओलीस होते, जामीन नव्हता

रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. ‘इष्टुर फाकडा’ या नावाने मराठी तोंडी तो आजही आहे. ९ तारखेला फौज तळेगावी पोचली, तेव्हा गाव ओस पडले होते आणि दाणावैरण नष्ट केलेली होती. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले आणि वडगावात अडकले.

बोलणी करण्यास विल्यम फार्मर आला. कलकत्त्याच्या सरकारच्या मान्यतेवाचून तह करण्याचा अधिकार आम्हांस नाही, असे त्याने सांगितले. त्यावर महादजी शिंद्यांनी विचारले की, मग कर्नल अप्टनने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? हा रोख १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहाकडे होता. प्रश्न बिनतोड होता. पण फार्मर म्हणत होता तेही खोटे नव्हते. १७७३ च्या नियामक कायद्याने तह व युद्ध या बाबतींत मुंबई कलकत्त्याच्या अधीन झाली होती.

१६ जानेवारीला करार झाला. माधवराव पेशव्यांच्या मृत्यूनंतर घेतलेला मुलूख परत करावा, बंगालमधून येणारी फौज माघारी पाठवावी आणि रघुनाथरावांचा पक्ष सोडावा, असे ठरले. भडोच महादजींना देण्याचे वेगळे कबूल झाले. फार्मर व लेफ्टनंट स्टुअर्ट ओलीस राहिले. (हा स्टुअर्ट कार्ल्याला पडलेल्या स्टुअर्टहून निराळा.)

घाट उतरताच इंग्रजांनी बंगालच्या फौजेला माघारी फिरण्याचा धाडलेला हुकूम स्थगित केला. मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी करार नाकारला, आणि गॉडर्ड फौजेसह सुरतेस पोचला. दोन माणसे ओलीस होती, पण ज्याच्या हाती करार मोडणे होते, त्या गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जला त्यांच्यामुळे काही सोसावे लागत नव्हते. पुढे १७८० मध्ये महादजींनी त्यांना सोडून दिले.

सालबाईचा तह : जामीन आणि त्याचा लाभ

पुढील दोन वर्षांत दोन्ही पक्ष थकले. ऑगस्ट १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला महादजींच्या हातून गेला. दक्षिणेत हैदर अलीने इंग्रजांना जेरीस आणले होते. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजींनी कर्नल म्यूरशी स्वतंत्र समेट करून मध्यस्थी पत्करली. १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे तह झाला. इंग्रजांच्या वतीने डेव्हिड अँडरसन होता. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली, रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपये नेमून देण्यात आले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम निराळे आहे. कंपनी आणि पेशवे या दोघांच्याही विनंतीवरून महादजी परस्परांचे जामीन झाले. जो पक्ष तह मोडेल त्याच्याविरुद्ध त्यांनी दुसऱ्या पक्षास मिळावे, असे ठरले. पेशव्यांचाच सरदार पेशव्यांचा जामीन! कागदोपत्री हे विचित्र दिसते. पण महादजींजवळ स्वतःची फौज होती आणि तह टिकण्यात त्यांचा स्वतःचा लाभ होता : भडोच मिळाले, शिवाय उत्तरेत हात मोकळे झाले. १७८४ मध्ये बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद आले, त्याचा कारभार महादजींच्या हाती होता.

निःस्वार्थी जामीन शोधणाऱ्यास येथे निराशा येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते तहाचे बळ नेमके त्या स्वार्थात होते. त्याची किंमतही होती. नाना फडणवीसांना ती दिसत असावी. हैदरशी केलेली मैत्री त्यांना एकाएकी सोडावयाची नव्हती; ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारल्यानंतरच, २० डिसेंबरला, तहावर पुण्याची मान्यता पडली.

जामीन गेल्यावर

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस महादजी निवर्तले. हमी त्यांच्या व्यक्तित्वावर आणि फौजेवर उभी होती. तिला वारस मिळाला नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांच्या सुरक्षेची हमी खुद्द कंपनीने घेतली. त्यासाठी किमान ६,००० पायदळ ठेवण्याचे ठरले आणि त्याच्या खर्चाकरिता २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. आता तिऱ्हाईत कोणीच उरला नव्हता.

आधुनिक काळातील दोन उदाहरणे ताडून पाहण्याजोगी आहेत. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन मध्यस्थ होते, जामीन नव्हते. १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले. परंतु आश्वासन मोडल्यास पीडित पक्षाच्या बाजूने शस्त्र धरण्याचे बंधन त्यात नव्हते. २०१४ मध्ये आश्वासन देणाऱ्यांपैकीच एकाने क्रिमिया घेतला.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. वडगाव येथे फार्मर आणि महादजी यांनी मांडलेल्या मुद्द्यांपैकी आपणांस कोणता अधिक सबळ वाटतो? कारणे द्या.
२. सालबाईच्या तहातील व वसईच्या तहातील हमी यांची तुलना करा.
३. जामिनाचा स्वतःचा लाभ तहास कधी तारक व कधी मारक ठरतो, हे सुमारे १५० शब्दांत लिहा.