स्वर्गात खून, दिवाणखान्यात पंचनामा

‘डेथ इन पॅराडाइज’ ही बीबीसीची मालिका २०११पासून चालू आहे. कॅरिबियनमधलं सेंट मरी नावाचं काल्पनिक बेट, दर भागात एक खून आणि तो उलगडायला ब्रिटनहून आलेला, त्या बेटावर काही केल्या न रुळणारा इन्स्पेक्टर. लेस्टरच्या आमच्या घरी सासरे, मुलगी आणि मैत्रिणी मिळून ही मालिका बघतात. बघतात कमी, वाद जास्त घालतात. त्या वादांतून माझ्या हाती लागलेलं हे शहाणपण.

१. मत ऐकण्याआधी बोलणारा कुठून बघतोय ते बघा.
२०१३पासून नवे भाग ऐन हिवाळ्यात येतात. दुपारी चारलाच बाहेर अंधार पडलेला असतो, हीटर लावून बसलेल्या आम्हाला पडद्यावरचा निळा समुद्रच पुरतो आणि कच्च्या कथानकालाही आम्ही ‘छान होता हं भाग’ म्हणून मोकळ्या होतो. रत्नागिरीहून राहायला आलेल्या माझ्या मावसबहिणीला मात्र माड, पत्र्याची छपरं आणि होड्या यांचं काय कौतुक? चित्रीकरण ग्वादलूप बेटावरच्या देए गावात होतं, हे सांगितलं तर म्हणाली, ‘असूदे, पण त्या बाईला किल्ली कुठून मिळाली?’ निसर्गाने न भुलल्यामुळे कथानकातलं भोक तिला पहिल्यांदा दिसलं.

२. नव्या माणसाबद्दल पहिल्या वर्षी बोलू नये.
बेन मिलरचा रिचर्ड पूल त्या उन्हात लोकरी सूट घालून हिंडायचा. वाळू, मासे, ऊन, सगळ्याचंच त्याला वावडं. सुरुवातीला ‘किती हा रडका!’ असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणी २०१४मध्ये त्याचाच खून झाला तेव्हा हळहळल्या. मग आलेला क्रिस मार्शलचा धांदरट हम्फ्री त्यांना ‘पूलची सर नाही’ म्हणून नकोसा. तो गेला तेव्हा आर्डल ओहॅनलनचा जॅक नकोसा. राल्फ लिटलचा नेव्हिल तर कशाकशाची अॅलर्जी असलेला. त्याच्यावर सगळ्यांत जास्त टीका झाली आणि २०२४मध्ये तो जुनी सहकारी फ्लॉरेन्स हिच्याबरोबर बेट सोडून गेला तेव्हा रुमालही त्याच्यासाठीच सगळ्यांत जास्त भिजले. घरात आलेल्या नव्या सुनेसारखंच हे. पहिल्या वर्षीची मतं तिच्याबद्दल कमी आणि आपल्या सवयींबद्दल जास्त सांगतात.

३. ‘तेच तेच’ म्हणणाऱ्याला विचारा, काय बदलू?
आधी खून, मग शीर्षक. मग चारपाच संशयित, प्रत्येकाकडे पक्का पुरावा की तो त्या वेळी दुसरीकडे होता. फळ्यावर फोटो. कुणीतरी सहज काही बोलतं आणि इन्स्पेक्टरच्या डोक्यात उजेड पडतो. सगळ्यांना एकत्र बसवून उलगडा, शेवटी कॅथरीनच्या बारमध्ये पेयपान. आमचे अण्णा, म्हणजे सासरे, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेले. दर वेळी ‘तेच तेच’ म्हणतात. एकदा विचारलं, ‘अण्णा, शेवटी सगळ्यांना एकत्र बसवणं काढून टाकलं तर?’ ताडकन म्हणाले, ‘मग बघायचं कशाला?’ फळा काढू का? नको. कॅथरीनचा बार? नको. यादी संपली, तक्रार तशीच राहिली.

४. ज्याला ज्यातलं कळतं, त्यातलं त्याचं मत घ्यावं.
औषधाच्या दुकानात काम करणारी मैत्रीण विषप्रयोग आला की सरसावून बसते. अमुक मिनिटांनी नेमकं काम करणारं विष ती ऐकून घेत नाही. हिशेबनीस मैत्रीण मृत्युपत्र आणि कर्ज यांवर डोळा ठेवते. माझ्या मुलीला फक्त हॅरीत रस आहे, म्हणजे इन्स्पेक्टरच्या झोपडीतल्या, संगणकावर घडवलेल्या हिरव्या सरड्यात. पण ‘सुगावा प्रेक्षकाला आधी दाखवला होता का?’ हा प्रश्न तिघींनाही विचारावा. आधी दाखवलेला सुगावा हुकला तर माणूस स्वतःवर चिडतो, लपवून ठेवला असेल तर लेखकावर. हे दुसरं चिडणं गंभीरपणे घ्यावं.

५. अवघड मत टाळू नये.
‘तिथल्या पोलिसांना एकही खून स्वतःहून का उलगडत नाही?’ हा प्रश्न आमच्याकडे इथेच वाढलेल्या मुलीने काढला. अण्णा म्हणाले, ‘साहेब गेला, पण त्याची बदली चालूच आहे.’ मालिकेचे जनक रॉबर्ट थोरोगुड यांना ही कल्पना सुचली ती २००७च्या क्रिकेट विश्वचषकात. पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर जमैकात मृतावस्थेत सापडले आणि तपासात पुढे दिसत होता तो पूर्वी स्कॉटलंड यार्डमध्ये असलेला ब्रिटिश अधिकारी. आधी खून म्हणून गाजलेलं ते प्रकरण पोलिसांनी पुढे नैसर्गिक मृत्यू म्हणून मिटवलं. त्यातला ‘बाहेरून आलेला ब्रिटिश अधिकारी’ मात्र मालिकेत कायमचा वस्तीला आला. मालिका त्याची टर उडवते, आयुक्त सेल्विन पॅटरसन त्याला नुसत्या नजरेने गप्प करतात, हे खरं. पण शेवटचं भाषण त्याचंच असतं, हेही खरं. २०२४च्या नाताळात आलेला मर्विन विल्सन हा पहिला कृष्णवर्णीय मुख्य इन्स्पेक्टर, तोही लंडनचाच. आवडत्या मालिकेबद्दल असं बोलल्याने तिची गोडी कमी झाल्याचं आमच्याकडे तरी दिसलं नाही.

६. मत वेळेवर द्यावं, कारणासकट.
उलगडा झाल्यावर ‘मला आधीच कळलं होतं’ म्हणणारे प्रत्येक घरात असतात. म्हणून आमचा नियम असा: संशयित एकत्र बसायच्या आधी कागदावर खुन्याचं नाव लिहायचं आणि खाली एका ओळीत कारण. ‘चेहराच तसा आहे’ हे कारण बाद. भाग आधीच बघून झालेल्याने तोंडावर बोट ठेवायचं. कारणाशिवाय बरोबर आलेल्या नावाला फक्त चहा मिळतो. नाव चुकलं पण कारण चोख असेल, तर चहाबरोबर चकलीही.